किसनच्या गाडीचा स्टड

सोमवारी भल्या पहाटे किसनच्या अंगणात भांडण जुंपलं होतं. एका बाजूला किसन, दुसऱ्या बाजूला त्याची मोटारसायकल. किसन किक मारत होता, गाडी तोफेसारखी वाजत होती आणि गोठ्याच्या दारात त्याची आई पुतळाबाई कानावर हात ठेवून ओरडत होती.

"बंद कर रं ती! म्हस पान्हा चोरते माझी!"

मी समोरच्या ओट्यावर दात घासत बसलो होतो. काडेपेटीच्या कारखान्यातून निवृत्त झालेला माणूस मी. दुसऱ्याच्या अंगणात काय चाललंय ते बघणं हीच आता माझी पाळी. गाडी जुनी, किसनच्या आधी दोघांनी पिळून काढलेली. सायलेन्सर इंजिनाच्या हेडला दोन स्टडवर धरलेला असतो. स्टड म्हणजे बोटाएवढी लोखंडी दांडी, एक टोक आट्यांनी हेडमध्ये रुतलेलं, दुसऱ्या टोकावर नट. त्यातला एक स्टड गंजून केव्हाच तुटला होता. सायलेन्सर उरलेल्या एका स्टडवर आणि तारेच्या तीन वेढ्यांवर दिवस काढत होता.

तेवढ्यात किसनचा चुलतभाऊ राजू रात्रपाळी संपवून अंबरनाथ एमआयडीसीतून आला. राजू केमिकल कंपनीत ऑपरेटर. आमच्या जांभूळ गावात केमिकल कंपनीतल्या माणसाला जो मान आहे तो तलाठ्यालाही नाही.

"सरक," राजू म्हणाला. "नट ढिला झालाय नुसता. कंपनीत मी पायपांचे एवढाले फ्लँज आवलतो, ह्याचा काय घेऊन बसलास?"

त्याने पान्याला हातभर पाइप लावला आणि अंगातला सगळा जोर दिला. कट्ट. नट आणि अर्धा स्टड राजूच्या हातात आला.

"बगितलास?" राजू जराही न चपापता म्हणाला. "आतून गंजलेलाच व्हता. रस्त्यात तुटला असता तं केवढ्याला पडला असता!" आणि उपकार केल्याच्या समाधानात तो झोपायला गेला.

किसनची नदीकाठी वीस गुंठे भेंडी होती, एप्रिलच्या उन्हात तरारलेली. भेंडी हे पीक मोठं उर्मट. तुमची गाडी बंद आहे, घरात अडचण आहे, असलं काही ती ऐकून घेत नाही. आज बोटभर दिसली की परवा जून झालीच, मग ती म्हशीलाही चावत नाही. उल्हासनगरचा लेखराज सेठ किसनची कोवळी भेंडी रोज घ्यायचा आणि दुबईला पाठवायचा. सहाला त्याचा टेम्पो विमानतळाकडे निघायचा, आणि आमच्या गावात रिक्षावाल्याला सातच्या आधी उजाडत नाही. किसनने बूथवरून फोन केला तेव्हा सेठने सरळ सांगितलं, "किसनभाई, शुक्रवार तक रुकता हूं. उसके बाद वांगणीवाला माल देगा, पूरा सीझन." म्हणजे शुक्रवारी पहाटे भेंडी पोचली नाही तर किसनचा सबंध उन्हाळा म्हशीच्या पोटात जाणार होता.

गावात चालत्या गाड्या अकरा होत्या. त्यातली एकही ओझं वाहण्याजोगी नव्हती, असं अकराही मालकांनी सांगितलं. त्यात माझी स्कूटर धरा. "टोपल्यांनी चेसी वाकते रे," मी किसनला म्हणालो. चेसी वाकत नाही. मला रंग खरवडायची भीती होती. दुसऱ्या कुणी चव्हाट्यावर आणण्यापेक्षा मीच सांगून टाकतो.

दुपारी अंबरनाथच्या नाक्यावरचा रघु मेकॅनिक आला. त्याने हेड उतरवलं, दोन्ही तुटक्या स्टडच्या मधोमध भोकं पाडली आणि त्यात उलट्या आट्यांचा कडक लोखंडी खिळा फिरवला. त्या खिळ्याला तो इझीआउट म्हणायचा. पहिला तुकडा गपगुमान बाहेर आला. रघूने तो साखरपुड्यातल्या अंगठीसारखा सगळ्यांना फिरवून दाखवला. दुसऱ्याला त्याने त्याच तोऱ्यात हात घातला, आणि इझीआउटच मोडून आत बसला.

"गेला," रघु म्हणाला. "आता ड्रिल पन नाय लागनार. हेडच बदलावा लागंल."

"कंदी मिलंल?" किसनने विचारलं.

"जुनी गाडी हाय बाबा. मागवतो. धा दिवस धर."

इझीआउटचं नाव इतकं सोपं कुणी ठेवलं, असं मी विचारलं. रघूने माझ्याकडे बघितलंही नाही.

मंगळवारी राजूची झोप पूर्ण झाली. तो पाण्याच्या बाटलीत कसलंसं पाण्यासारखंच दिसणारं ॲसिड घेऊन आला. त्याच्या मागोमाग शेजारचा सदू आला. तो दुसऱ्या केमिकल कंपनीत. त्याने पुडीत पांढऱ्या पापड्या आणल्या होत्या. गेटवरचा वॉचमन यांच्या डब्यातली चपाती उलटून बघतो म्हणतात, पण हे दोघे कंपनीचं अर्धं स्टोअर घरी आणू शकतात, आणि त्यात त्यांना चोरी वाटत नाही, हुशारी वाटते.

"लोखंडाचा बाप हाय ह्यो," राजू बाटली दाखवत म्हणाला. "आमचा माल जर्मनीला जातो."

"आमच्या मालानं टाकी फुटली व्हती," सदू छाती काढून म्हणाला. "तीन वर्सांत!"

कुणाचा माल आधी टाकायचा यावर अर्धा तास वाद झाला. शेवटी दोघांनी आळीपाळीने टाकायचं ठरलं. किसन मधे उभा राहून राजूच्या तोंडाकडे बघत होता. त्याची ती सवयच. तहान लागली तरी तो आधी भावकीकडे बघणार. हेडमधून फसफसून फेस आला, धूर निघाला, राजूला ठसका लागला, कोंबड्या कुडावरून पलीकडे पळाल्या. पुतळाबाईने बादलीभर पाणी त्या हेडवर आणि उरलेलं या दोघांवर ओतलं.

"तुमच्या कंपनीचा माल तुमच्या कंपनीत ओता! माजा आंगन जालायला निंगाले!"

धूर विरल्यावर सगळे वाकून बघू लागले. स्टड जागच्या जागी होता, उलट धुऊन चकचकीत झाला होता. हेडची कड मात्र उंदराने कुरतडल्यासारखी खाल्ली गेली होती.

"म्हंजे लागू पडतंय," राजू खोकत म्हणाला. "डोस कमी पडला."

बुधवारी दुपारी किसन अंगणात बसला होता, मांडीवर हेड आणि शेजारी जून भेंडीचा ढीग. झाडावर ठेवली तर नवी धरत नाही, म्हणून तो रोज पहाटे ती तोडत होता आणि म्हशीपुढे टाकत होता. म्हशीनेही आता तोंड फिरवलं होतं. त्याच वेळी सुदाम पहिल्या पाळीवरून सायकलने परत येत होता.

सुदाम बौद्धवाड्यातला, आमच्याच गावच्या वॉटर वर्क्समध्ये बावीस वर्षं तुरटीच्या टाकीवर. त्याच्या नोकरीबद्दल गावाचं मत ठरलेलं होतं: पाण्यात तुरटी टाकायची, त्यात काय मोठंसं, ते आमच्या आज्याही करायच्या. कुणी त्याला कधी काही विचारलं नव्हतं, आणि आपणहून सांगायला जाणारा तो नव्हता. पण त्या दिवशी त्याने सायकल कुडाला टेकवली, हेड हातात घेऊन उलटसुलट बघितलं आणि म्हणाला, "किसन, तुरटी लावून बघ."

राजू आणि सदू तिथेच होते. त्यांना हसू आवरेना.

"दाढी करताना कापला काय रं हेडला?" सदू म्हणाला.

सुदाम हसला नाही. "आमच्या तुरटीच्या टाकीला लोखंडाची शिडी होती. दोन वर्षांत तुरटीनं खाल्ली. मग अॅल्युमिनियमची बसवली, तिला नऊ वर्षं झाली, अजून तशीच हाय. आता मला सांगा, हेड कशाचं? आणि आत अडकलंय ते कशाचं?"

हेड होतं अॅल्युमिनियमचं आणि आत अडकलं होतं लोखंड. पुतळाबाई पुढे आली. अॅल्युमिनियमला ती जर्मन म्हणायची.

"खरा बोलतो त्यो. मी जर्मनच्या पातेल्यात दर पावसाल्यात तुरटी फिरवते, पातेला हाय तसा हाय. लोखंडाच्या बादलीचा बूड गेला पार."

किसनने पुन्हा राजूकडे बघितलं.

"कर काय करायचा तो," राजू म्हणाला. "आमी आमचा काम केलाय."

सुदामने तुरटी बदलापूर गावातल्या किराणा दुकानातून आणली. "टाकीवर पोत्यांनी पडलीय की," मी म्हणालो. "ती पाण्यासाठी हाय काका," तो म्हणाला. हेडमध्ये आणखीही लोखंडी भाग असतात, त्यांना थेंब लागता कामा नये, म्हणून पुतळाबाईने उडदाचं पीठ घट्ट मळून स्टडच्या भोकाभोवती आळं केलं. हेड चुलीच्या गरम राखेवर ठेवलं. त्या आळ्यात चमच्याने कढत तुरटीचं पाणी घालायचं, काळा साका आला की कोंबडीच्या पिसाने पुसायचा, पुन्हा घालायचं. बुधवारची संध्याकाळ अशीच गेली. राजू दर तासाला येऊन विचारायचा, "शिजला काय?"

गुरुवारी सुदामने खाडा केला आणि सकाळपासून चुलीपाशी बसला. दुपारपर्यंत नुसता साका. बाहेर ऊन मी म्हणत होतं, आत चुलीची धग. किसनने चमचा टाकून दिला.

"दादा, उद्या शुक्रवार हाय. ह्या पोरखेलात माजा सीझन जानार."

"चमचा उचल," सुदाम म्हणाला. "लोखंड गंजायला वर्षं लागली, त्याला एक दिवस तरी देशील का नाय?"

किसनने चमचा उचलला. ऊन कललं तेव्हा सुदामने पुतळाबाईचा काटा काढायचा चिमटा मागितला, आत घातला आणि हळूच हलवला. मोडका इझीआउट डुगडुगला. आणखी एकदा हलवल्यावर तो सरळ बाहेर आला. भोवतीच्या स्टडचं नुसतं टरफल उरलं होतं. ते दाभणाने उकरून काढलं, तर आतले आटे नवे असावेत तसे स्वच्छ. किसन हेड छातीशी धरून रडायला लागला, आणि खरं सांगतो, माझ्याही डोळ्यांत पाणी आलं. मी ते चुलीच्या धुरावर ढकललं.

त्याच रात्री रघु येऊन नवे स्टड आणि पितळी नट बसवून गेला. त्याने हेड तीनदा उजेडात धरून बघितलं, पण सुदामला एक शब्द विचारला नाही. एवढी मोठी विद्या पाणी खात्यातल्या माणसाकडून घ्यायची म्हणजे दुकानाची पाटी उतरवल्यासारखंच की.

शुक्रवारी पहाटे अर्धा गाव अंगणात. गाडी पहिल्या किकला सुरू झाली, आवाज असा की म्हशीने कानही हलवला नाही. स्कूटरचं पाप फेडावं म्हणून मी टोपल्या धरायला मागे बसलो. तेवढ्यात राजू पुढे झाला आणि सगळ्यांना ऐकू जाईल असं म्हणाला, "मंगलवारीच ॲसिडनं ढिला केला व्हता मी. तुरटीनं काय, नुसता पुसून काढला!"

लोकांनी माना डोलावल्या. सुदाम पहिल्या पाळीला निघाला होता, डबा सायकलला लावत होता. त्याने किसनकडे बघितलं. किसन पेट्रोलच्या कॉककडे बघायला लागला. मी टोपल्यांकडे. सुदाम सायकलवर बसला आणि गेला. मला माझी लाज वाटली, पण सहाचा टेम्पो गाठायचा होता, आणि लाजेला असं निमित्त मिळालं की ती फार वेळ थांबत नाही.

लेखराज सेठ गाळ्याच्या दारातच उभा होता. त्याने टोपलीतल्या पाचसहा भेंड्यांची टोकं मोडून बघितली.

"आ गया? मैं वांगणीवाले को फोन लगा रहा था. गाडी किसने बनाई?"

"गावातल्या मानसानं, सेठ. तुटका स्टड तुरटीनं गलवून काढला."

सेठ मोठ्याने हसला. "फिटकरी से लोहा? मेरेको मत सिखा. तुम्हारे उधर सब केमिकलवाले हैं, किसी ने ॲसिड डाला होगा."

"हो म्हण," मी किसनच्या कानात पुटपुटलो. अख्खा उन्हाळा त्या माणसाच्या मुठीत होता. किसनने सवयीने बाजूला बघितलं. तिथे भावकीतलं कुणी नव्हतं, हमाल होते.

"नाय सेठ," तो म्हणाला. "ॲसिडनं हेड खाल्ला. स्टड तुरटीनंच काढला. सुदाम नाव त्याचा. पानी खात्यात हाय."

सेठच्या हातातली भेंडी तशीच राहिली. "मतलब मैं झूठ बोल रहा हूं?"

"झूठ नाय सेठ. चुकीचा बोलताय."

मी मागून किसनचा सदरा ओढला. सेठने भेंडीचं टोक मोडलं आणि ती क्रेटमध्ये टाकली.

"ठीक है बाबा, सुदाम तो सुदाम. कल चालीस किलो ला. टेढ़ी मत डालना."

आम्ही रिकाम्या टोपल्या घेऊन परतलो. गावच्या पारावर राजू, सदू आणि आणखी चौघं बसले होते. ॲसिडचीच गोष्ट चालली होती. आता त्यात बाटलीचे दोन कॅन झाले होते. किसनने गाडी थांबवली, बंद केली नाही.

"राजूदादा, ॲसिडनं नाय निंगाला त्यो. सुदामदादानं काढला, तुरटीनं. सकालीच बोलाया पायजे व्हता, मी बोललो नाय."

राजूने मान खाजवली, सदूकडे बघितलं, आणि मग त्याचा चेहरा उजळला.

"अरं, मंग तुरटी पन केमिकलच हाय ना!"

सगळ्यांना हायसं वाटलं. कंपनीची अब्रू राहिली. किसनने गिअर टाकला, पण गाडी घराकडे न वळवता वॉटर वर्क्सच्या रस्त्याला घातली.

"मला घरी सोड की," मी मागून म्हणालो. "तू जा."

"बसा काका," किसन म्हणाला. "सकाली तुमी पन काय बोलला नाय."