चिंचोक्याएवढा मस

म्हातारा दूध आणायला म्हणून खाली उतरला तो परतलाच नाही. अलीकडे धाकूबाबांना काही म्हणजे काही आठवत नसे. जेवून हात धुतले की पुन्हा ताट मागायचे. पण घर सोडून असे कधी गेले नव्हते. सून मिनल चप्पल न घालताच खाली धावली. दुधाला तिनेच तर पाठवलं होतं!

शोधायचं तर पोस्टर हवं, पोस्टरला फोटो हवा. आणि या माणसाचा घरात धड असा एकच फोटो, सत्यनारायणाच्या पूजेचा, तोही सूरजने काढलेला. नवरा झाला म्हणून काय झालं, कॅमेरा धरला की सूरजचा हात लटपटायचाच. फोटोत बाबा होते, पण धुक्यात उभे असल्यासारखे.

मिनल शांती नगरमधल्या एका स्टुडिओत कॉम्प्युटरवर बसायची. लग्न जमवायचे फोटो हाच तिथला मुख्य धंदा. सावळी मुलगी यायची आणि गोरी होऊन जायची. पुटकुळ्या, डाग, सगळं साफ. मिनलचा हात त्यात असा काही बसला होता की विचारू नका! तिने बाबांचा फोटो स्कॅन करून फोटोशॉपमध्ये घेतला आणि शार्प करायला लागली. थोडा केला, फरक नाही. आणखी केला तर कडांना पांढरी रेघ आली आणि तोंडभर रवा सांडल्यासारखे दाणे उठले. दाणे घालवायला तिने चेहरा गुळगुळीत केला, मग डोळे आणि मिशी पुन्हा शार्प केली. त्यात सूरजचे फोनवर फोन.

"झालं का गं?"

"होतंय रे, जीव नको खाऊस माझा!"

अखेर डोळे उघडले, मिशीचा केस न् केस दिसायला लागला. मंदाताईंनी, तिच्या सासूबाईंनी, प्रिंट हातात घेतली आणि डोळ्यांना पदर लावला. "अगो, लग्नात असेच दिसत होते हे!" एवढ्या काळजीतही मिनलला बरं वाटलं. खोटं कशाला बोला?

पोस्टरं लागली. नवघर, शांती नगर, पार काशीगावपर्यंत. फोन मात्र एकही येईना. लिफ्ट वाजली की मिनल दाराकडे पळायची, तव्यावरची भाकरी करपायची, खाली कोणी खोकलं तरी गॅलरीत जायची. शेवटी तिला राहवेना. उरलेली पोस्टरं घेऊन तिने रिक्षाने काशीगाव गाठलं आणि दुकान न् दुकान विचारत सुटली.

हायवेकडच्या एका पानवाल्याने पोस्टर निरखून पाहिलं. "नहीं मॅडम. एक बुढ्ढा बैठता है उधर, दो दिन से. लेकिन वो तो काला है, गाल पे इतना बडा मस्सा है. ये साहब तो एकदम गोरे हैं."

मिनलने पोस्टर त्याच्या हातातून ओढून घेतलं. मस! बाबांच्या डाव्या गालावरचा चिंचोक्याएवढा मस! मुलींच्या गालावरचे डाग पुसतात तसा तिने तो पुसून टाकला होता, रंगही उजळला होता, आणि कधी ते तिचं तिलाही कळलं नव्हतं. घरात तरी कोणाच्या लक्षात यावं? छे! सगळे आपले गोऱ्या बाबांवर खूश. "मेले माझे हात," म्हणत ती धावली.

भिंतीवर पोस्टर होतं आणि पोस्टरखाली बाबा बसले होते. कोणीतरी दिलेला वडापाव खात होते. मांडीवर दुधाची पिशवी तशीच, नासून फुगलेली.

त्यांनी तिला ओळखलं नाही. "बस गो बाय," ते म्हणाले आणि त्यांनी वर बोट केलं. "हा बघ, कोणाचा तरी बाप हरवलाय. पोरं वाट बघत असतील बिचारी."

मिनलने पर्समधली काजळाची पेन्सिल काढली आणि पोस्टरवरच्या त्या गोऱ्या गालावर मस काढला, गिरवून गिरवून गडद केला. बाबा बघत राहिले. हळूच त्यांचा हात स्वतःच्या गालावर गेला.

"अगो, हा तर आपला धाकू!" ते दचकून उठलेच. "हा कधी हरवला?"

"माझ्या हातून हरवला, बाबा," मिनल हमसून हमसून रडत म्हणाली. "चला, त्याला घरी नेऊ."