ओल्शिनाच्या चढावरची वाघीण

मी एक जुनी वाघीण आहे. दचकू नका मित्रांनो, पट्टे असलेली नव्हे, चाकं असलेली. मालगाडीच्या डब्याला हे नाव ज्याने कुणी ठेवलं, त्याने आम्हाला कधी नीट पाहिलं नसावं असं मला पुष्कळ वर्षं वाटे. आमची जात गरीब. मागून ढकललं की पुढे जायचं, पुढून ओढलं की मुकाट निघायचं. डरकाळी वगैरे आमच्या स्वभावात नाही. पण आयुष्यात एकदा माणसांनी मला खरोखरची वाघीण केलं. आणि त्याच उन्हाळ्यात मी अशी माणसं पाहिली की त्यांच्यापुढे मला माझं पोलादच मऊ वाटू लागलं.

माझा जन्म वरच्या सायलेशियातला, ओद्रा नदीच्या अलीकडचा. तिथे जमिनीखाली कोळसा आणि जमिनीवर धूर, आणि दोन्हींच्या मध्ये माणसं. माझा सांगाडा लोखंडी, अंगाच्या फळ्या ओकच्या लाकडाच्या. कारखान्यातून बाहेर पडले तेव्हा मला हिरवा रंग होता. पहिल्याच खेपेत तो काळा झाला आणि पुन्हा कधी कुणाला दिसला नाही.

ओल्शिना खाणीचा कोळसा वाहायचा हे माझं काम. खेप संपली की मला खाणीजवळच्या बाजूच्या रुळावर उभी करत. तिथेच कामगारांची लाल विटांची चाळ होती, आणि चाळीचा हापसा माझ्यापासून हातभर अंतरावर. त्यामुळे मला जगाची खबर वर्तमानपत्राच्या आधी मिळे.

रेल्वेच्या कारखान्यातला तेओफिल श्नाप्का रोज हातोडी घेऊन यायचा. माझ्या चाकांवर ठोकून आवाज ऐकायचा, धुऱ्यांना तेल घालायचा आणि विचारायचा, "काय म्हातारे, गुडघे कसे आहेत?" उत्तर मी कुरकुरून द्यायची. त्याची थोरली बहीण वालेस्का त्याच चाळीत राहायची. तिचा नवरा चौदा साली पेटलेल्या मोठ्या लढाईत जर्मन सैन्याकडून लढताना मेला होता. आणि तिच्या भिंतीला भिंत लावून राहायची क्लोटिल्डाकाकू, रुळांच्या मुकादमाची विधवा. देहाने मूठभर, आणि आवाजाने खाणीचा भोंगा.

लढाई संपली, पण आमच्या मुलखाची फरपट संपली नाही. हा प्रदेश जर्मनीचा की नव्याने उभ्या राहिलेल्या पोलंडचा, हा वाद पेटला. पोलंडच्या बाजूच्या लोकांनी दोनदा बंदुका उचलल्या आणि दोनदा त्या खाली ठेवल्या. मग ठरलं की लोकांनीच मत देऊन सांगावं. त्या वसंतात हापशावर पाणी कमी आणि भांडणं जास्त भरली जात.

"काकू, देवळात प्रार्थना पोलिश म्हणता," वालेस्का बादली आपटत म्हणाली, "आणि मत मात्र बर्लिनला?"

"प्रार्थना देवाशी असते, मत सरकारशी," काकूंनी फटकारलं. "देवाला काही खाणी चालवायच्या नसतात! माझ्या नवऱ्याला त्या सरकारनं पितळी बटणांचा कोट दिला होता. अख्ख्या ओल्शिनात तसा कोट कुणाचा नव्हता."

"माझ्या नवऱ्यालाही दिला ना. करड्या रंगाचा. तो अंगात घालूनच तिकडे फ्रान्सात, व्हर्दँच्या चिखलात झोपलाय."

 काकूंनी हापशाचा दांडा हातात घेतला आणि स्वतःची बादली बाजूला सारून आधी वालेस्काची भरली. भरता भरता पुटपुटल्या, "तरी मत मी माझंच देणार."

मतदान झालं. आकडे दोन्ही बाजूंना हवे तसे वाचता आले, म्हणून वाद अधिकच चिघळला. मे महिन्यात बातमी आली की पोलंडच्या वाट्याला जेमतेम एक कोपरा येणार. त्या पहाटे खाणीचे भोंगे वाजले आणि कुणीही खाली उतरलं नाही. तिसरा उठाव सुरू झाला होता.

तेओफिल हातोडी न घेता माझ्याकडे आला, तो दिवस मला आठवतो. बरोबर कारखान्यातले सगळे सोबती होते. मला ढकलत आत नेलं. बॉयलरसाठी आणलेले जाड पोलादी पत्रे माझ्या चारही अंगांना रिव्हेट मारून ठोकले. मित्रांनो, तापलेला रिव्हेट अंगात शिरताना काय वाटतं ते सांगत नाही. पत्रे आणि फळ्या यांच्या मधल्या पोकळीत वाळूच्या पिशव्या भरायच्या होत्या, पण पिशव्या कुठे होत्या? चाळीतल्या बायकांनी उशांचे अभ्रे शिवायला घेतले. वालेस्काने लग्नातले भरतकामाचे अभ्रे काढले. माझ्या पोटात ती फुलं वाळूने फुगली.

"काकू, तुमच्याकडे दोन आहेत ना?" तिने खिडकीतून विचारलं.

"आहेत. आणि ते माझ्या डोक्याखालीच राहणार," आतून उत्तर आलं. "तुमच्या बंडाला माझी झोप देऊ काय?"

बंदुकीसाठी माझ्या अंगाला फटी पाडल्या. टोकाला ब्रेकचं चाक तसंच ठेवलं, पण ते आत घेतलं, म्हणजे ते फिरवणाऱ्याला आडोसा राहील. ते काम तेओफिलने मागून घेतलं. मी आणि तोफ बसवलेली दुसरी वाघीण, आणि मध्ये इंजिन, अशी आमची गाडी रुळांवर आली तेव्हा चाळीतल्या पोरांनी दोन्ही हात कानांवर ठेवले. इंजिनाने अजून शिट्टीसुद्धा दिली नव्हती! नुसत्या वजनाने खिडक्यांच्या काचा थरथरत होत्या. कोळसा वाहणारी मी, आज माझ्याकडे माणसं मान वर करून बघत होती. थोडा गर्व झाला, खोटं कशाला बोलू?

गर्व फार टिकला नाही. पुढचे काही आठवडे मी बंदुकीच्या गोळ्या झेलल्या. गारा पत्र्यावर पडाव्या तसा आवाज येई. सुरुवातीला आम्ही पुढे गेलो. मग डोंगरावरचा मठ समोरच्या जर्मनांनी घेतला आणि आम्ही मागे सरकू लागलो. एका भर दुपारी आमची गाडी ओल्शिनाच्या चढावर आली. चढ सुरू होतो तिथे डाव्या हाताला वीटभट्टी, चढ संपतो तिथे वळण, आणि वळणापलीकडे चाळ. माझ्या पोटात तेव्हा सैनिक उरले नव्हते. जखमी होते, गवतावर निजवलेले, अगदी दाटीने.

वीटभट्टीमागून एक तोफगोळा आला. तो ना इंजिनावर पडला ना माझ्यावर. आमच्या दोघांमध्ये फुटला आणि जोडसाखळी तुटली. इंजिनाच्या अंगालाही भोक पडलं. ते वाफ सांडत, धापा टाकत, तोफेची वाघीण घेऊन वळणापार गेलं ते गेलं. परत येण्याचं बळ त्याच्यात नव्हतं.

आणि मी मागे घसरू लागले. उताराकडे. वीटभट्टीकडे.

तेओफिलने ब्रेकचं चाक गरागरा फिरवलं. माझी चाकं किंचाळली आणि मी थांबले. त्याच वेळी फटीतून आलेली गोळी त्याच्या मांडीत शिरली. तो ब्रेकला कवटाळून बसला, पण चाक त्याने सोडलं नाही. भट्टीवरून मशीनगन सुरू झाली. माझ्या मागच्या पत्र्यावर ती सारखी ठोकत राहिली. पत्रा टिकला, पण आतल्यांनी बाहेर पाऊल टाकायची सोय उरली नाही. पाणी संपलं होतं. कुणीतरी आईला हाका मारत होतं, पोलिशमध्ये का जर्मनमध्ये ते मला कळलं नाही. आमच्याकडे आईला मारलेली हाक दोन्हींत जवळजवळ सारखीच ऐकू येते.

मग वळणाकडून आवाज आला. पुरुषांचा नव्हे. पुरुष चाळीत उरलेच नव्हते.

बायका येत होत्या, मित्रांनो. रुळांच्या कडेने वाकून, एकीमागे एक, खाणीतला जाड दोर खांद्यावर घेऊन. पुढे वालेस्का. माझ्या धडामुळे त्या भट्टीवरच्या बंदुकीला दिसत नव्हत्या. माझ्या तुटक्या साखळीच्या हुकात त्यांनी दोर अडकवला.

"तेओफिल! आहेस का?" वालेस्का ओरडली.

"आहे अर्धा! पण ब्रेक सोडला तर गाडी खाली जाईल!"

"आम्ही ताणून धरतो, मग सोड. मी सांगेन तेव्हाच!"

दोर ताणला गेला. तेओफिलने ब्रेक सैल केला. पण मी हलले नाही. मला लाज वाटली. एवढ्या जणी जिवावर उदार होऊन ओढताहेत आणि मी दगडासारखी उभी! वजन माझं नव्हतंच केवळ, ती सगळी वाळू आणि ते पोलाद. जड डब्याला पहिला झटका मागूनच द्यावा लागतो. चाकाखाली पहार घालून उचकटावं लागतं, आणि माझं मागचं चाक बंदुकीच्या तोंडासमोर होतं.

बायका एकमेकींकडे बघू लागल्या. वालेस्काने दोर खाली टाकला. "मी जाते."

"तू कुठं जातेस? दोर धर!" मागून खणखणीत आवाज आला. क्लोटिल्डाकाकू होत्या. खांद्यावर पहार, आणि अंगात नवऱ्याचा पितळी बटणांचा कोट, त्यांच्या गुडघ्याखाली लोंबणारा. "चाकाखाली पहार कशी घालतात ते माझ्या घरात वीस वर्षं मी ऐकत आले. जेवतानासुद्धा त्याला दुसरा विषय नव्हता."

"काकू, तुम्ही? तुमचं मत तर तिकडे..."

"मत माझं तिकडे. पोरं माझ्या चाळीतली आहेत. हो बाजूला."

आणि त्या माझ्या आडोशातून बाहेर पडल्या. वाकल्या नाहीत, धावल्या नाहीत. माझ्या बाजूने चालत मागच्या टोकाला आल्या आणि भट्टीकडे तोंड करून उभ्या राहिल्या. ऊन बटणांवर चमकत होतं. मग त्यांनी जर्मनमध्ये जी तोफ डागली ती मी जन्मात विसरणार नाही.

"ए भट्टीवरच्या! मी क्लोटिल्डा क्रावचिक! मी तुम्हाला मत दिलंय, ऐकतोस? तुम्हाला! आता मी इथे काम करणार आहे. मला गोळी घालायची तर घाल, पण मग तुझ्या आईला काय सांगशील ते आधी ठरव!"

बंदूक थांबली.

मित्रांनो, मी पुढे दुसरी लढाईही पाहिली, पण तशी शांतता पुन्हा ऐकली नाही. भट्टीवर एखादा माणूस बंदुकीच्या चापावर बोट ठेवून बसला असेल. त्याचा चेहरा मी पाहिला नाही. त्याने बोट उचललं, एवढंच मला माहीत आहे. काकूंनी त्याच्याकडे पाठ केली, पहार माझ्या चाकाखाली घातली आणि आपलं मूठभर वजन तिच्यावर टाकलं.

"ओढा गं!" वालेस्का ओरडली.

मी हलले. तसूभर. काकूंनी पहार काढून पुन्हा घातली. मी पुन्हा हलले, आणि मग माझी चाकं स्वतःच फिरायला लागली. दोर ओढणाऱ्या बायकांच्या तळहातांची सालं निघाली होती. कुणीतरी देवळातलं गाणं सुरू केलं. ज्या जर्मनीच्या बाजूच्या होत्या त्याही म्हणत होत्या, ज्या पोलंडच्या होत्या त्याही. चढावर थोडं जरी मागे सरकायला झालं की आतून तेओफिल ब्रेक दाबून धरायचा, आणि काकू मागून शिव्या द्यायच्या. त्याला, मला, दोन्ही सरकारांना. वळण येईपर्यंत भट्टीवरून एकही गोळी आली नाही.

वळणापार गेल्यावर त्या सगळ्या रुळांच्या कडेला जिथल्या तिथे बसल्या. तेओफिलला बाहेर काढलं तेव्हा त्याची बोटं ब्रेकच्या चाकावरून एकेक करून सोडवावी लागली. तो वाचला. पुढे लंगडत राहिला, पण वाचला. गवतावर निजलेल्यांतले दोघे मात्र तोवर गेले होते.

त्या उन्हाळ्यातच लढाई थांबवली गेली. माझे पत्रे उतरवले, वाळू सांडली, भोकं बुजवली, आणि मी पुन्हा कोळसा वाहू लागले. पुढच्या वर्षी सरहद्द आखली गेली. ज्या ओल्शिनासाठी ही माणसं लढली, ते जर्मनीत राहिलं. उठावात असलेल्यांना तिथे राहणं धोक्याचं झालं. मला पोलंडच्या रेल्वेकडे दिलं होतं, आणि मीच घरं हलवणाऱ्यांचं सामान न्यायला त्या रुळावर आले.

वालेस्काने पलंग, शिलाईचं यंत्र, पवित्र तसबिरी चढवल्या. तेओफिल काठी टेकत तिला मदत करत होता. क्लोटिल्डाकाकू हापशाजवळ उभ्या होत्या. त्यांच्या हातात कापड बांधलेली बरणी होती.

"राय धान्याच्या पिठाचं विरजण आहे," त्या म्हणाल्या. "तुझं नेहमी बिघडतं. नव्या घरी पहिल्या दिवशी आंबील कर."

"काकू, तुम्ही पण चला ना."

"मी? मी जिंकले ना," काकू म्हणाल्या. मग रिकाम्या चाळीकडे बघत राहिल्या. "आता भांडू कुणाशी, ते तेवढं सांगून जा."

 वालेस्काने काकूंच्या अंगातल्या त्याच कोटाचं सुटलेलं बटण लावलं. इंजिनाने हिसका दिला आणि मी निघाले. इतकी हलकी खेप मी कधी नेली नव्हती, आणि इतकी जडही.

नंतरची गोष्ट थोडी आहे. कोळसा, आणखी एक लढाई, पुन्हा कोळसा. मग माझ्यापेक्षा मोठ्या वाघिणी आल्या आणि मला एका आडरुळावर सोडून दिलं. माझ्यात बर्चची झाडं उगवली. कित्येक हिवाळ्यांनंतर काही हौशी माणसांनी मला ओळखलं, झाडं उपटली आणि जुन्या गाड्यांच्या संग्रहालयात एका छपराखाली आणून ठेवलं. आता शाळेची मुलं येतात. परवा एकाने विचारलं, "ही जिंकली का हरली?" दाखवणारे गृहस्थ खोकले आणि पुढच्या इंजिनाकडे वळले.

मित्रांनो, मला त्याचं उत्तर देता आलं असतं तरी मी दिलं नसतं. पण एक मागणं आहे. छप्पर गळतं आहे, डाव्या धुऱ्यावर पाणी पडतं, तेवढं कुणाला तरी सांगा. आणि तुमच्या गावातही कुठेतरी एखादं जुनं लोखंड गंजत पडलं असेल. ते भंगारात घालायच्या आधी त्याच्याजवळ क्षणभर उभं राहा, आणि गावातल्या सगळ्यात म्हाताऱ्या माणसाला विचारा, की हे अडलं होतं तेव्हा ढकलायला कोण कोण आलं होतं.