चौविहाराची सकाळ

दुधात खडूची पूड कालवावी, तशी चव.

चोपड्याचे पाहुणे मुलगी बघायला आले होते आणि बघत होते सुनेकडे.

रात्री उशी भिजते. रडून नव्हे.

पारोळ्याला एस.टी. निम्मी रिकामी होते.

डॉक्टरांनी लाल काचांचा चष्मा लावला होता. दिवसाढवळ्या.

"साता आहे ना?"
"साता."

आता नीट सांगतो.

धनकुंवर ही धुळ्याची लेक, जळगावला कापडवाल्यांच्या घरी दिलेली. लग्नानंतर काही वर्षांनी तिचा घास छातीत थांबायला लागला. गिळायची, पण तो खाली उतरायचाच नाही. मग उभं राहायचं, खांदे मागे टाकायचे, वरून पाणी ढकलायचं. कधी उतरे. कधी तसाच्या तसा परत येई, चव न बदलता. आडवी झाली की उशीवर.

दुसऱ्या कुणाच्या घरात असती तर बाहेरचं झालं म्हणून अंगारे लावले असते. ही जैनांच्या घरात होती, म्हणून तपस्वी ठरली. आधी तिनं रात्रीचं सोडलं, मग एकवेळ जेवण, मग उपवास, मग पर्युषणात अठाई, आठ दिवस नुसत्या पाण्यावर. उपवासात तिला खरंच बरं वाटे. आत काही नसलं की वर यायला काही नसे. बाकीच्यांना पारण्याची ओढ लागायची, हिला पारण्याची धास्ती. सगळे कौतुकानं मुगाच्या पाण्याची वाटी पुढे करत आणि ही ती हातात धरून नुसती बसे.

स्थानकात, म्हणजे साधू-महाराज उतरतात त्या जैनांच्या धर्मस्थानात, बायका तिच्या पाया पडू लागल्या. येता-जाता विचारत, साता आहे ना, म्हणजे सुखरूप आहेस ना. ती म्हणे, साता. सासू सज्जनबाई रोज तिची पाठ चोळून द्यायची. "बिनणी, तुझ्या तपानं घर उजळलं." हे काही खोटं नव्हतं. नणंद कुसुमलताला चोपड्याचं स्थळ त्याच तपावर आलं होतं. 'अशी सून ज्या घरात, तिथली मुलगी डोळे मिटून घेऊ,' असं पाहुणे म्हणून गेले होते.

हिवाळ्यात मुंबईचे पोटाचे डॉक्टर जळगावला आले, तेव्हा नवऱ्यानं, सुरेशचंदनं, तिला दाखवलं होतं. पांढरं औषध पाजून एक्स-रे काढला. सुरेशचंद आत जाऊन बोलून आला. "काही निघालं नाही. डॉक्टर म्हणाले, अशा प्रकृतीला उपवास मानवतो." तिनं मान डोलावली. न मानायला कारण काय होतं?

श्रावणात पाणीही अडायला लागलं.

"धुळ्याला मोठे डॉक्टर येतात, असं भाऊ सांगत होता. मला न्या."

"पर्युषण तोंडावर आलंय."

"म्हणून तर न्या."

तो लगेच तयार झाला, याचंच तिला नवल वाटलं. निघायच्या सकाळी म्हणाला, "आधी स्थानकात जाऊ. चौविहार उपवासाचं पच्चक्खाण घे. चांगल्या कामाला निघतोय." पच्चक्खाण म्हणजे महाराजांपुढे घेतलेला नेम, आणि चौविहार, म्हणजे दुसऱ्या दिवशीच्या सूर्योदयापर्यंत पाण्याचा थेंबही नाही. महाराजांसमोर तिनं हात जोडले, व्रताचे शब्द ऐकले. तिच्या कोपराला त्याचा हात होता. आपल्यासाठी देवाला मध्ये घेणारा नवरा! पारोळ्यावरून धुळ्याला जाणाऱ्या एस.टी.त त्यानं तिला खिडकीजवळ बसवलं.

धुळ्याच्या दवाखान्यात बाकावर शेजारी भिकुबाई नावाची एक बाई होती, खेड्यावरून आलेली.

"तुले काय व्हस वं माय?"

"घास उतरत नाही."

"मन्हा उतरस, पन पुढे जास नही. आपुन दोन्ही मिळीसन एक धड बाई व्हई!"

धनकुंवर पदर तोंडाला लावून हसली. कितीतरी दिवसांनी हसली. सुरेशचंद हसला नाही. अर्धवट उघड्या दारातून त्याला आतले डॉक्टर दिसले होते, आणि तो रुमाल काढून मान पुसत होता.

"पुन्हा कधीतरी येऊ," तो म्हणाला. "गर्दी फार आहे."

तेवढ्यात तिचंच नाव पुकारलं गेलं.

अंधारात एक्स-रेच्या पडद्यावर बघायचं, तर डोळे आधीपासून सरावलेले हवेत, म्हणून डॉक्टरांनी तो लाल चष्मा लावला होता.

"कसं काय आहे?"

"साता," ती सवयीनं म्हणाली.

"सात? सात काय?"

ती ओशाळली. "नाही, म्हणजे, घास छातीत थांबतो. आता पाणीपण."

डॉक्टरांनी पांढऱ्या औषधाचा पेला पुढे ठेवला. "मी सांगेन तसं घोट घोट प्यायचं."

"आज जमायचं नाही," सुरेशचंद घाईनं म्हणाला. "चौविहार आहे. हिचे नेम फार कडक."

"आजच? यायचं तर आधीच ठरलं होतं ना?"

"धर्माचं काम आहे, डॉक्टरसाहेब."

डॉक्टरांनी चष्मा कपाळावर चढवला, तेव्हा धनकुंवरनं ओळखलं, हे हिवाळ्यातलेच मुंबईचे डॉक्टर. त्याच्याकडे पाहिलं, मग तिच्याकडे. "तुम्ही जळगावचे. कापडाचं दुकान. मग जुना एक्स-रे तरी आणायचा, तुमच्याच हातात दिला होता. इतके महिने थांबलात कशाला?"

"कशासाठी थांबलो?" धनकुंवरनं विचारलं.

डॉक्टरांना वाटलं, ती विसरली. त्यांनी पुन्हा सांगितलं. अन्ननळीच्या तळाशी एक दार असतं. घास आला की ते उघडायला हवं. तुमचं उघडत नाही, आणि नळीही घास पुढे ढकलत नाही. मुंबईला ते दार ताणून सैल करतात, नाहीतर ऑपरेशन. बहुतेकांना पुन्हा जेवता येतं. "यांना सगळं समजावलं होतं की."

धनकुंवर नवऱ्याकडे वळली. "सासूबाईंना माहीत आहे?"

"त्याच म्हणाल्या, कुसुमचं होऊ दे आधी."

"रोज पाठ चोळतात माझी."

"रोगी सून म्हटली तर चोपडेवाले मागे फिरतील, कळत कसं नाही तुला? नंतर नेणारच होतो."

"आणि आजचं पच्चक्खाण?"

तो रुमालाची घडी घालू लागला.

"बोला ना. चांगल्या कामाला निघालो होतो. कुठल्या?"

"इथे तमाशा नको."

"तपासणी होऊ नये म्हणून मला महाराजांपुढे उभं केलंत. हात धरून."

तिनं पेला उचलला.

"अगं, पच्चक्खाण मोडेल! पाप लागेल!"

"लागू दे. कुणाला लागायचं ते पापाला बरोबर माहीत असेल."

दिवा मालवला. ती पडद्यामागे उभी राहिली. डॉक्टर म्हणाले, प्या.

घोट.
गळ्याखाली.
छातीत.
छातीत.
छातीत.

"हे बघा," डॉक्टर अंधारात म्हणाले, "नळी वर एवढी फुगलेली, आणि खाली चोचीसारखी निमुळती. इथेच अडलंय सगळं." धनकुंवरला ते दिसणं शक्य नव्हतं. ती पडद्याच्या मागे होती. सुरेशचंद समोर उभा होता, त्याला दिसत होतं.

"मुंबईला केव्हा येता?"

"पर्युषण झालं की," सुरेशचंद म्हणाला, "घरी विचारून..."

"माझा भाऊ इथे गल्ली नंबर चारमध्ये राहतो," पडद्यामागून धनकुंवर म्हणाली. "त्याला बोलावणं धाडा. तारीख त्याला सांगा. मी आज तिथेच राहणार आहे."

त्यांच्या लग्नाच्या पंगतीत सुरेशचंदला जोराचा ठसका लागला होता, तेव्हा नवी नवरी असून धनकुंवरनं सगळ्यांदेखत घुंगट मागे सारून, कुणालाही न विचारता, त्याची पाठ थोपटली होती.