बहिणीने बघू नये ते

लाफाएले गोंदून घ्यायला बसला, आणि त्याची बहीण फुआतीनो हिच्या घरी माणसांची रीघ लागली. कमरेपासून गुडघ्यापर्यंतचं गोंदण, पेआ, म्हणजे सामोअन पुरुषाचा मान. पण एकदा सुरू केला की पुरा करायचा. अर्धवट सोडला तर नातवंडांपर्यंत टोमणे पुरतात. त्यातून हे काम जोडीने करायचं. लाफाएलेच्या जोडीला त्याचा मेहुणा, म्हणजे फुआतीनोचाच नवरा पेनिताला, बसला होता. दोघंही बसचे ड्रायव्हर, दोघांच्याही जिभेला हाड नाही, त्यामुळे गोंदणाऱ्या म्हाताऱ्याच्या प्रत्येक ठोक्यागणिक एकमेकांची उणीदुणी काढणं जोरात चाललं होतं.

फुआतीनो इस्पितळात सिस्टर होती. नव्या पोरींना जखमेतून अंगभर भिनणारा सेप्सिस ती आपल्या पद्धतीने शिकवायची. चोर एका घरात शिरतो, गावातली पोरं काठ्या घेऊन धावतात. चोर बाजूलाच राहतो, पोरांना असा चेव येतो की ती सगळ्या गावाची घरं पाडत सुटतात. शरीराचंही तसंच, जंतू मारतात त्याहून जास्त आपलेच राखणदार मारतात. पोरी खूप हसायच्या आणि जन्मात विसरायच्या नाहीत.

पण घरी ही बाई आंधळी. रीतच तशी, की भावाच्या कमरेखाली बहिणीने बघायचं नाही आणि त्याबद्दल चकार शब्द काढायचा नाही. म्हणून ती चुलीशी कोको ढवळत बसायची. लाफाएलेला ताप आलाय असं कळल्यावर, पेआत ताप यायचाच, असं चारचौघींसारखं तीही म्हणाली. परका कुणी असता तर तिने पहिल्याच दिवशी लुंगी सारून बघितलं असतं.

दुपारी नवरा कोको मागायला आला आणि कुरकुरला, की तुझ्या भावाला रडूबाई म्हटलं तरी त्याने उलट शिवी दिली नाही. फुआतीनोचा हात थांबला. टोमणा फुकट जाऊ देणारा लाफाएले तिने आजवर बघितला नव्हता.

ती उठून गेली, तर भर उन्हात तो चटईवर कुडकुडत पडला होता, धापा टाकत होता. तिला बघून त्याने विचारलं, बस किती वाजता सुटते? बस त्याचीच होती.

"इस्पितळात चल," ती म्हणाली.

"अर्धा पेआ घेऊन गावात कसा फिरू, ताई? थोडंच राहिलंय."

म्हाताऱ्याने हातातली गोंदायची दातेरी फणी खाली ठेवली. सामोअन भाऊ बहिणीचा शब्द खाली पडू देत नाही. पण बहीण-भावातल्या ज्या मानापायी पडू देत नाही, तोच मान आता ती मोडणार होती. तिने लुंगी वर केली. मांडी लालबुंद, टरटरून सुजलेली, चुलीतल्या दगडासारखी तापलेली. लाफाएलेने डोळे मिटून तोंड फिरवलं.

"बस काढ," ती नवऱ्याला म्हणाली. तिला फार भीती वाटत होती.

"काढतो. माझंही गोंदण इथेच थांबलं," नवरा म्हणाला. अर्धा गोंदलेला तो तसाच लुंगी सावरत स्टिअरिंगवर बसला.

लाफाएलेचा रक्तदाब इतका उतरला की डॉक्टरांनी तो दोनदा मोजून बघितला. सलाईन, इंजेक्शनं, जखमा धुणं, सगळं फुआतीनोने स्वतः केलं. तोंडाने एकीकडे देवाचा धावा चालला होता, एकीकडे भावाला शिव्या. रविवारी चर्चची घंटा वाजत असताना त्याने नीट डोळे उघडले.

"लुंगी कुणी उचलली होती?"

"सिस्टरने."

"कुठल्या?"

ती सलाईनच्या नळीकडे बघत राहिली. "माझ्याशिवाय होतं कोण तिथे?"

त्याने पांघरूण कमरेवर ओढून घेतलं. जगला, पण भाऊ म्हणून गेला, असं तिच्या मनात आलं.

"मला मागचं गोंदण दिसत नाही," तो शेवटी म्हणाला. "तुझा नवरा म्हणतो रेघा वाकड्या आल्यात. खरंय का?"

"रेघा कुणी बघितल्यात, मेल्या. मी सूज बघत होते."

"मग आता बघ," तो म्हणाला, आणि कण्हत कण्हत कुशीवर वळला.