अकराची गोळी

"लिनेट, आकडे राहू देत गं. तू आपली तुझी गोष्ट सांग. लोकांना गोष्ट भिडते," असं म्हणत अध्यक्ष हॅडलीने तिच्यासमोरचे कागद गोड हसून बाजूला सारले.

माझ्या तळपायाची आग मस्तकात गेली. लिनेट माझी नणंद. बर्नी गावातल्या या इस्पितळात सव्वीस वर्षं नर्स होती. पार्किन्सनने हात थरथरू लागले, नोकरी सुटली, गाडी चालवायचा परवानाही गेला. म्हणून आता तिला आणायला-न्यायला मी. पण घरी रडत बसेल तर ती लिनेट कसली! अठ्ठावन्नाव्या वर्षी बाईने विद्यापीठात सार्वजनिक आरोग्याच्या मास्टर्सला नाव घातलं आणि दोन वर्षं एका बोटाने टाइप करून प्रबंध लिहिला, आकडे त्यातलेच. पार्किन्सनचा रुग्ण वॉर्डात आला की त्याच्या गोळ्या कुलपात जातात, आणि नर्सची फेरी येईल तेव्हाच मिळतात. गोळीला उशीर झाला की माणूस जागच्या जागी थिजतो, घास गिळता येत नाही. या गोळ्या रुग्णाच्या उशाशी राहू द्याव्यात का, यावर आज समितीत मतदान होतं. लिनेट समितीवर रुग्णांची प्रतिनिधी, तिला मत होतं. मी कोपऱ्यात नुसती बसलेली.

"गोष्ट हवी ना?" लिनेट म्हणाली. अकराला पाच कमी होते. तिने पर्समधून गोळ्यांची डबी काढून मुख्य नर्स कॉरीनच्या पुढ्यात ठेवली. "माझी गोळी अकराची. ठेव तुझ्याकडे, आणि वॉर्डात देता तशी दे."

"अगं, काहीतरीच काय!"

"पद्धत तुझीच ना?"

कॉरीनला सुई टोचायला हिनेच शिकवलेलं. ती ओशाळून हसली आणि डबी कोटाच्या खिशात टाकली. मग चहा आला, स्कोन आले, आणि गाड्या कुणी कुठे लावायच्या यावर मेल्यांनी अर्धा तास खल केला. अकरा वाजून गेले, साडेअकरा झाले. लिनेट टेबलाशी ताठ होत चालली होती. डबी मागायला मी उठले, तशी तिने डोळ्यांनीच मला खाली बसवलं.

"चला, मतदान उरकू. बाजूने कोण?" हॅडलीने विचारलं.

चार हात वर झाले. लिनेटच्या मानेच्या शिरा ताणल्या, पण हात टेबलावरून बोटभरही उठला नाही.

"विरोधात?"

चार. त्यांत कॉरीनचाही.

"समसमान. म्हणजे आहे तीच पद्धत चालू. लिनेट तटस्थ," हॅडलीने तोंडाने म्हणत लिहिलं.

"तटस्थ? डोळे फुटले का तुझे?" मी धावत जाऊन तिचं मनगट धरलं आणि हात वर केला. "हे बघ तिचं मत!"

"ग्वेन, शांत हो. सदस्याने हात स्वतः वर करायचा असतो. नियम आहे."

"काडी लाव तुझ्या नियमाला!"

तेवढ्यात कॉरीनचा हात खिशाकडे गेला आणि तिचा चेहरा पांढराफटक पडला. डबी उघडता उघडता तिने दोन गोळ्या जमिनीवर सांडल्या. तिसरी तिने लिनेटच्या ओठांशी धरली. लिनेटने तोंड उघडलं नाही. ती काहीतरी पुटपुटत होती. मी कान जवळ नेला.

"काय म्हणतेय?" कॉरीन रडकुंडीला आली होती.

"म्हणतेय, आधी लिही. गोळी कधीची होती आणि कधी दिलीस."

कॉरीनने हॅडलीच्या पुढ्यातला कागद ओढला. 'तटस्थ' या शब्दाखाली तिने लिहिलं, अकरा. मग घड्याळ बघून लिहिलं, अकरा बेचाळीस. आणि सही केली.