भिंतीपलीकडचा घोडा

कँटीनमावशीचे गुडघे त्या रविवारी सकाळी अचानक दुखायला लागले. म्हणजे तिकिटं हातात पडेपर्यंत ते अगदी ठणठणीत होते.

“गुडघ्यांना कुठे सिनेमा बघायचाय?” शिंपीणबाई दारातूनच म्हणाली. “डोळे शाबूत आहेत ना? मग चला.”

“अगं, पण थेटरच्या त्या पायऱ्या…”

“उचलून नेऊ. अख्खी गल्ली आलीय.”

आणि खरंच अख्खी गल्ली आली होती. इस्त्रीवाला नवा शर्ट घालून, त्याची बायको केसांत फूल माळून, शिवाय सासवा, सुना, जावई. जुन्या थेटरला नवा रंग लागला होता, नव्या मालकाने रविवारी सकाळी जुने सिनेमे लावायचं ठरवलं होतं, आणि पहिलाच लागला होता तो मावशीचा सिनेमा.

मावशीचा म्हणजे तिने काढलेला नव्हे. पण गल्लीत तो तिच्याच नावावर जमा होता. तरुणपणी ती त्या थेटरात चहाचं कँटीन चालवायची आणि तिचा नवरा, ऑपरेटरकाका, वर केबिनमध्ये मशीन चालवायचे. तेव्हा हा सिनेमा महिनोन्‌महिने चालला आणि मग जो गेला तो परत कधी आलाच नाही, टीव्हीवरसुद्धा नाही. राहिला तो फक्त मावशीच्या तोंडी. दुपारची कामं आटोपली की बायका तिच्या पायरीवर भाजी निवडायला बसायच्या आणि कोणीतरी हळूच म्हणायचं, “मावशी, होऊन जाऊ द्या.” की मावशी पदर खोचून उभी! झारा म्हणजे तलवार, पातेल्यावरचं झाकण म्हणजे चंद्र. गाणी आली की ती डोळे मिटून गायची, आणि हिरो पांढऱ्याशुभ्र घोड्यावरून टपटप टपटप दौडत हिरॉइनच्या दाराशी यायचा तेव्हा तर भाजी तशीच हातात राहायची. घोड्याच्या गळ्यात घुंगरू. दर थोड्या वेळाने ट्रिंग! शिंपीणबाईने तो घोडा इतक्या वेळा ऐकला होता, की तिला त्याच्या नाकातली वाफसुद्धा जाणवायची.

आता गुडघ्यांचं खरं कारण. मावशीने हा सिनेमा कधी पाहिलाच नव्हता.

कँटीन होतं पडद्याच्या बाजूच्या भिंतीला लागून. गर्दी एवढी, की गल्ला सोडून आत डोकवायची सोय नाही. तिने सगळा सिनेमा भिंतीतून ऐकला होता. विरहाचं गाणं लागलं की दूध चढवायचं, खलनायक हसला की कप मांडायचे, घोड्याच्या टापा ऐकू आल्या की चहा गाळायला घ्यायचा, कारण लगेच इंटरव्हल. चित्रं तिची तिनेच काढली. ती खोटं कधी बोलली नव्हती. तिला कोणी विचारलंच नव्हतं! आणि ऐकणं काही कमी दर्जाचं नसतं. देवसुद्धा आपल्याला दिसत कुठे असतो, कानावर पडतो आणि पुढचं आपलं मन करतं. पण हे समजावून सांगायचं कोणाला? आज अख्खी गल्ली बघणार, आणि उद्यापासून पायरीवर कोणी बसणार नाही. थापाडी म्हणतील. मावशीला एक वेळ अन्नपाणी नसतं तरी चाललं असतं, पण ती पायरी हवी होती.

ऑपरेटरकाका कोपऱ्यात चष्मा पुसत बसले होते. जन्मभर मोजून-मापून बोलणारा माणूस. “चल,” एवढंच म्हणाले.

थेटरात मावशी रांगेच्या मधोमध बसली, एका बाजूला काका, दुसऱ्या बाजूला शिंपीणबाई. दिवे मालवले तसे तिने हात जोडले. ‘देवा, वीज घालव. फार नको, तीन तासांपुरती.’ देवाने बहुधा त्या सकाळी दुसऱ्या कोणाचं गाऱ्हाणं आधी ऐकायला घेतलं होतं. पडदा उजळला.

पहिलं गाणं बरोबर निघालं. गल्लीनेही दबक्या आवाजात सूर धरला, तशी मावशीला थोडी धुगधुगी आली. मग हिरो आला. तोच तो खोल, भारदस्त आवाज, ज्याच्यावर ती तरुणपणी गुपचूप भाळली होती. पण आवाजाखाली माणूस भलताच! काडीसारखा, निम्मं टक्कल आणि नाकावरून घसरणारा चष्मा.

“हा हिरोचा काका असेल,” इस्त्रीवाला बायकोच्या कानात म्हणाला.

“कुरळे केस कुठे गेले हो मावशी?” शिंपीणबाई कुजबुजली.

“पुढे उगवतील,” मावशी पुटपुटली आणि पदराने कपाळ टिपलं.

विरहाचं गाणं झालं. खलनायक हसला. मावशीच्या बोटांनी सवयीने मांडीवर कप मांडले. सगळी रांग खुर्चीच्या टोकावर आली. शिंपीणबाईने तर मावशीचा दंडच धरला. आता! आता येणार!

टपटप टपटप टपटप. ट्रिंग!

पडद्यावर एक कळकट ऑफिस होतं. त्यात टेबलाशी तो काडीपैलवान बसला होता आणि खाली मान घालून टाइपरायटर बडवत होता. टपटप टपटप. ओळ संपली की ट्रिंग. आणि इंटरव्हल!

दिवे लागले. मग शिंपीणबाईने वळून विचारलं, “मावशी, घोडा?”

मावशी उठली. गुडघे गुडघ्यांच्या जागी, ती तरातरा बाहेर. पाय आपसूकच जुन्या कँटीनपाशी गेले. तिथे आता काचेचं कपाट होतं आणि त्यात थंड बाटल्या. पण भिंत तीच. मावशी भिंतीला पाठ लावून उभी राहिली, आणि तिचे डोळे भरून आले.

काका दोन कागदी कप घेऊन आले. “घे. तुझ्या हातचा नाही, पण गरम आहे.”

“तुम्हाला ठाऊक होतं?” मावशीने कप घेतलाच नाही. “वरच्या भोकातून तुम्ही रोज बघत होतात. घोडा नाही हे ठाऊक होतं तुम्हाला?”

“होतं.”

“आणि इतकी वर्षं माझी फजिती ऐकत बसलात!”

“फजिती कसली?” काकांनी चष्मा वर ढकलला. आयुष्यात पहिल्यांदाच ते सलग बोलले. “केबिनमधला स्पीकर बंद होता. मशीनची खडखड अशी, की मला काही म्हणजे काही ऐकू यायचं नाही. मला दिसायचा एक टकल्या, नुसता तोंड हलवणारा. तो काय बोलतो, काय गातो, हे मला घरी आल्यावर तू सांगायचीस. मग दुसऱ्या दिवशी मी भोकाला डोळा लावायचो, तर तो टकल्या मला घोड्यावर दिसायचा. कशाला उतरवू त्याला?”

मावशीने आता कप घेतला. तेवढ्यात अख्खी गल्ली येऊन थडकली. पुढे शिंपीणबाई, कमरेवर हात.

“मावशी, आता खरं सांगा.”

मावशीने भिंतीवर हात ठेवला. “मी या बाजूला होते गं. कायम या बाजूलाच. आत मी आजच पहिल्यांदा बसले.”

“म्हणजे घोडा सिनेमातला नाहीच?”

“नाही.”

“तुमचा स्वतःचा?”

“स्वतःचा.”

शिंपीणबाई मागे वळली. “ऐकलंत? मी म्हणत होते ना, ह्या थेटरवाल्यांनी कापला असणार घोडा? अहो, सिनेमावाल्यांकडे तो नव्हताच! कसला दळभद्री सिनेमा, घोड्याच्या जागी टायपिंग!”

इस्त्रीवाला पैसे परत मागायच्या गोष्टी करायला लागला. त्याची बायको मात्र काकांकडे निरखून बघत होती. “पण मावशी, हिरो अगदी आपल्या काकांसारखा दिसतो हो. चष्मासुद्धा तसाच घसरतो.”

सगळ्यांनी काकांकडे पाहिलं. काका कपात तोंड खुपसून चहा शोधायला लागले. मावशीला इतकं हसू आलं, की तिला भिंतीचा आधार घ्यावा लागला.

घंटा झाली. उरलेला सिनेमा दोघांनी शेजारी बसून पाहिला. मावशी डोळे विस्फारून बघत होती आणि काका डोळे मिटून ऐकत होते. मधूनच ते म्हणायचे, “अस्सं! हे म्हणत होता होय तो!” आणि मागच्या रांगेतलं कोणीतरी शूऽ शूऽ करायचं.

दुसऱ्या दिवशी दुपारी मावशीने पायरी झाडली खरी, पण दार अर्धंच उघडं ठेवलं. येतील, न येतील. आधी मेथीची जुडी दिसली, मागून शिंपीणबाई, आणि तिच्यामागून नेहमीपेक्षा जास्तच बायका.

“मावशी, होऊन जाऊ द्या.”

“कुठला सांगू? थेटरातला की…”

“तो बघितला. आता चांगला सांगा.”

मावशीने पदर खोचला. झारा उचलला. या खेपेला हिरोला निम्मं टक्कल होतं आणि नाकावर चष्मा, पण खाली मांड ठोकायला घोडा होता. विरहाचं गाणं झालं, खलनायक हसला, बायकांच्या हातातली भाजी थांबली. मावशीने टापांसाठी श्वास घेतला, तोच आतल्या खोलीतून पत्र्याच्या डब्यावर कोणाची तरी बोटं दौडत आली. टपटप टपटप टपटप. आणि मग कपावर चमचा.

ट्रिंग!