शिंकेची जागा

टण्. ताटलीवर चमचा वाजला आणि मघापासून स्वयंपाकघरात तुंबून राहिलेली शांतता फुटली. रविवारी संध्याकाळी बाबाकडून परत आली की भुंगी तासभर तरी घुम्यासारखी बसून राहायची. आईने ते अंगवळणी पाडून घेतलं होतं. काही विचारायचं नाही, समोर ताटली ठेवायची आणि पोर आपली आपण पुरती घरात येईपर्यंत कळ काढायची.

टण्, टण्, मग घाईघाईने आणखी तीनदा. पाठोपाठ गुणगुणणं सुरू झालं. शब्द नव्हतेच, तोंडानेच ड्रम आणि तोंडानेच गिटार. गाजर किसणारा आईचा हात थांबला. सूर वर चढत गेला, आणखी चढला, आणि आता फुटणार असं वाटत असतानाच भुंगी खोटं खोटं शिंकली. मग स्वतःच्या मांडीवर चट्‌कन एक चापट मारून तिने गाणं पुढे नेलं.

"हे काय गं मध्येच?"

"तिथे शिंकायचंच असतं," भुंगी म्हणाली. "आणि मग चापट. त्याशिवाय पुढे जायचं नाही."

"कोणी शिकवलं?"

"बाबाने. त्याचं लहानपणीचं गाणं आहे. लंगड्या कोल्ह्याचं कार्टून होतं ना, त्यातलं. बाबाने टीव्हीपाशी टेप धरून भरलं आणि भरताना त्यालाच शिंक आली. मग आजीने त्याला दिली एक." ती खुदकन हसली. "बाबा लहानपणी भारी होता, नाही?"

"जेव आता," आई म्हणाली आणि गाजराबरोबर बोटाचं टोकही किसून घेतलं.

ती शिंक दादाची होती. आईच्या मोठ्या भावाची. आणि चापट तिची स्वतःची.

त्या कार्टूनमध्ये लंगडा कोल्हा आपल्या टोळीला बंद पडलेल्या गिरणीतून सोडवून नेतो. तो धरणाच्या भिंतीवरून उडी घेतो तेव्हा घोगऱ्या गळ्याचा एक गायक आणि त्याच्यामागची इलेक्ट्रिक गिटार असा काही धिंगाणा घालतात, की घरातल्या मोठ्यांना भांड्यांची मांडणी कोसळल्यासारखं वाटायचं. या दोघांना मात्र गाण्याने पार झपाटलं होतं. दुकानात कॅसेट मिळेना, तेव्हा दादाने टेपरेकॉर्डर टीव्हीच्या स्पीकरला टेकवून धरला, तिला बजावलं, "श्वाससुद्धा घेऊ नकोस," आणि गाणं ऐन चढावर आलेलं असताना स्वतःच शिंकला. तिने चिडून त्याच्या पाठीत एक ठेवून दिली. सगळं भरलं गेलं.

पुढे दादा कॉलेजच्या शेवटच्या वर्षाला असताना एका तापाचं निमित्त झालं आणि तो गेला. फोटो भरपूर राहिले. आवाज राहिला तो तेवढाच, एका शिंकेएवढा.

लग्नाआधी तिने हे होणाऱ्या नवऱ्याला सांगितलं होतं, कॅसेट ऐकवली होती. तो टेप मागे घेऊन घेऊन ती शिंक ऐकायचा आणि हसायचा, आणि त्याच्या हसण्याने तिलाही पुन्हा हसता यायला लागलं होतं. बोलायची तीच. तो ऐकायचा; त्याचं लहानपण कसं गेलं, हे विचारायचं तिला कधी सुचलंच नाही. इतकं जीव लावून ऐकणारा माणूस मिळाला म्हणून ती स्वतःवरच खूश असायची. वेगळे झाले त्या दिवशी कॅसेटचं खोकं त्याने काखोटीला मारलं. म्हणाला, "तुझ्याकडे कुठे टेप आहे वाजवायला?" कडेवर रडून रडून झोपलेली पोर. खोक्यावरून भांडायला तिला तोंड उघडवलं नाही.

दुसऱ्या दिवशी दातांच्या लॅबमध्ये ती एका कवळीचे दात मेणात बसवत होती आणि रेडिओवर तेच गाणं लागलं. कार्टून म्हणे पुन्हा थिएटरात येणार होतं.

"वाढव, वाढव आवाज," मास्तर म्हणाला. मास्तर म्हणजे लॅबचा कारभारी, तिच्याहून चारदोन वर्षांनीच मोठा. "या गाण्यापायी मी नापास झालोय. गणिताच्या आदल्या दिवशी कोल्हा बघत बसलो होतो."

"आणि पास कुठल्या गाण्यावर झालात?" साचे ओतणारी मुलगी म्हणाली.

"त्या वर्षी गाणंच नव्हतं, म्हणून."

सगळे हसले. हसता हसता मास्तरची नजर कुठल्या कुठे गेली. पॉलिशच्या यंत्रावरच्या माणसाने यंत्र बंद केलं. ज्याला त्याला आपापलं लहानपण पाच मिनिटांसाठी फुकटात परत मिळालं होतं. ती मात्र शिंकेच्या जागेची वाट पाहत राहिली. जागा आली आणि गाणं गुळगुळीत पुढे निघून गेलं. पडलेल्या दाताच्या जागी जीभ जाते, तसं तिचं मन तिथे जाऊन परत आलं.

जेवणाच्या सुट्टीत तिने जिन्यात उभं राहून भुंगीच्या बाबाला फोन लावला.

"ती कोल्ह्याची कॅसेट मला हवी."

"अगं, ती कधीच टाकली. मागच्या वर्षी सगळ्या मोबाइलवर करून घेतल्या ना. पाठवू? दुकानदाराने काय साफ केलंय म्हणून सांगू. खरखर नाही, शिंक नाही, एकदम नव्यासारखं."

"शिंक काढली?"

"मी नाही सांगितलं. त्याचं कामच ते. आता शिंक आम्ही दोघं तोंडाने घालतो, मजा येते तिला."

"दादाची होती ती."

"हो. नाही राहिलं लक्षात त्या वेळी."

"आणि पोरीला सांगताना? तेव्हाही नाही राहिलं?"

"हे बघ, ती मागे लागते. बाबा, तुझ्या लहानपणीची गोष्ट सांग. काय सांगू मी? तुझ्याकडे ढिगाने पडल्यात. त्यातली एक घेतली तर काय बिघडलं?"

"विचारून घेतात."

"विचारलं असतं तर दिली असतीस?"

तिने फोन ठेवला. दुपारभर हात चालत होते, लक्ष नव्हतं. मास्तरने तिची कवळी उजेडात धरली आणि म्हणाला, "बाई, ही घालून आजोबा कोणाला तरी चावतील." पुढचे सहाही दात काढून तिने पुन्हा बसवले.

घरी जाताना वाटभर ती वाक्यं जुळवत होती. एकाहून एक धारदार. तुझा बाबा ऐकून घेतो आणि स्वतःच्या नावावर खपवतो. तुझ्या बाबाने माझ्या भावाचा आवाज पुसून टाकला आणि त्याचे वर पैसे मोजले. संध्याकाळी भुंगीचे केस विंचरायला बसली, तोवर त्या सगळ्या वाक्यांची चव तोंडात कडू होऊन बसली होती. पुढ्यात ती इवलीशी मान, केसांमागे लपलेली, आणि त्या मानेतून तेच गुणगुणणं.

"भुंगे, ती शिंक मामाची होती."

गुणगुणणं थांबलं. "फोटोतल्या?"

"हो. आणि चापट माझी."

भुंगी गर्रकन वळली. कंगवा केसांत तसाच अडकून राहिला. "तू मारलीस? जोरात?"

"चांगलीच."

"मामा रडला?"

"छे. दोघंही हसू दाबून बसलो होतो. टेप चालू होता ना."

भुंगीला ते पटलं असावं. ती पुन्हा पाठ करून बसली. आई गुंता सोडवू लागली. पुढचा प्रश्न कोणता येणार ते तिला ठाऊक होतं: मग बाबा खोटं बोलला? त्याचं उत्तर तिने तयार ठेवलं होतं, एका अक्षराचं. ते विचारलं जावं म्हणून ती जवळजवळ आसुसली होती, आणि त्याची तिला लाजही वाटत होती.

"आई."

"हं."

"मग बाबा लहान होता तेव्हा तो काय ऐकायचा?"